धनाजीची गाडी गचके का खाते

माझा धंदा कॉम्प्युटर दुरुस्तीचा, आणि मला घाणीची किळस. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला येऊ नयेत, पण आल्या. भोरला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. या बावीस वर्षांत मी लोकांच्या मशीनमधून झुरळं काढली, पालीची अंडी काढली, एकदा तर डोळे न उघडलेली उंदराची पिल्लं काढली. कीबोर्ड उलटा केला की फरसाण पडतं, कापलेली नखं पडतात, आणि ज्याचा कीबोर्ड तो समोर उभा राहून दात काढतो. जसं काही दुसऱ्याच कुणाची नखं आहेत.

पण या सगळ्यावर वरचढ म्हणजे थुंकी. माणसं तंबाखू खातात, मावा खातात, आणि मग ते तोंडातलं गावाला वाटत सुटतात. सरकारी कचेरीचा जिना बघा, दवाखान्याचा कोपरा बघा, नव्या पुलाचा कठडा बघा. रंग द्यायला माणूस नको, आपले लोक आहेत. माझी बायको सौदामिनी म्हणते, तुमचं नाक अति तिखट आहे. असेल. नाक असून न वापरण्यापेक्षा बरं.

तर अशा माझ्या नशिबात धनाजी आला.

आधी फोन आला. समोरचा माणूस म्हणाला, "गाडी गचके खातीया. चढाला तर लईच."

मी म्हटलं, "गॅरेज नाही हे. कॉम्प्युटरचं दुकान आहे."

"व्हय व्हय. कॉम्पुटरमदलीच गाडी. मी गुंजवण्याचा धनाजी. पोरानं तुमचा नंबर दिला."

त्याचा पोरगा स्वरूप. इंजिनिअरिंगला असताना माझ्याकडूनच त्याने गेम खेळायचं मशीन जुळवून घेतलं होतं. त्या वेळी ते भारी होतं. वर्षापूर्वी स्वरूप पुण्यात नोकरीला लागला, त्याने लॅपटॉप घेतला, आणि जुनं धूड, स्टिअरिंग आणि पायात ठेवायच्या पेडलांसकट, गावाकडे बापाला देऊन टाकलं. बाप त्यावर बस चालवण्याचा गेम खेळतो. छप्पन्न वर्षांचा माणूस. मला हसू आलं, खोटं कशाला बोला.

पडद्यावर हलणारी गाडी खरी हलत नसते. एकामागून एक चित्रं येतात, इतकंच. सेकंदाला साठ आली तर गाडी लोण्यातून सुरी जावी तशी जाते. बारा-चौदाच आली तर अडखळते, उड्या मारते. किती चित्रं येतायत तो आकडा कोपऱ्यात दाखवता येतो. मी फोनवरून धनाजीला तो लावून घ्यायला सांगितला, आणि विचारलं, "किती दिसतोय?"

"चवदा. आता अकरा. वळनावर नऊ."

मी नेहमीचे उपाय सांगितले. पडद्यावरची झाडं, सावल्या, पाणी यांची सफाई कमी करा. मागे उघडे राहिलेले प्रोग्रॅम बंद करा. तो माणूस एकेक गोष्ट नीट करायचा, पुन्हा फोन करायचा आणि आकडा सांगायचा. आठ दिवसांत त्याचे सात फोन. शेवटी मी वैतागून स्कूटरवर बसलो आणि नसरापूरवरून गुंजवण्याला गेलो.

घर चांगलं होतं, पक्कं. मागे भाताची खाचरं, त्यांच्यापलीकडे धरणाचं पाणी. त्यांची अर्धी खाचरं त्या पाण्याखाली गेली असं नंतर कळलं. बाहेरच्या खोलीत एका टेबलावर पडदा, पुढे स्टिअरिंग, खाली पेडलं. खुर्चीच्या उजव्या हाताला जमिनीवर मशीनचं कॅबिनेट. आणि कॅबिनेटला अगदी खेटून, एक पत्र्याचा डबा. डालड्याचा असेल कधी काळी. आता त्यात काय होतं ते मला वाकून बघावं लागलं नाही. वास पुरेसा होता.

धनाजी उंच, सरळ पाठीचा, पांढरी टोपी, कपडे धुतलेले, इस्त्रीचे. इतका नेटका माणूस, आणि गालात चिमूटभर तंबाखू. माझा चेहरा बघून त्याची बायको सुलक्षणा म्हणाली, "तेवढं एकच हाय बगा. बाकी कायबी यसन न्हाई. आन् आपल्या डब्यातच थुकत्यात. लोकाच्या दारापुढं आजवर कदी थुकलं न्हाईत."

वा! या देशात आता ही तारीफ झाली.

मी खुर्चीच्या कडेवर बसलो, डब्याकडे पाठ करून, आणि मशीन सुरू केलं. कामाचे नसलेले बारा प्रोग्रॅम काढले, पडद्यावर चित्रं काढणाऱ्या ग्राफिक्सच्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्रॅम, नवा घातला. आकडा चाळीसवर गेला. "झालं," असं म्हणत उठलो, तर धनाजी म्हणाला, "चा घ्या. तवर मी एक खेप मारतो."

मग मी ती गाडी पाहिली. साधा गेम नव्हता तो. स्वरूपने त्या गेमच्या नकाशा बनवायच्या सोयीतून बापाला हवा तो रस्ता करून दिला होता. नसरापूरहून आत येणारा, मार्गासनीवरून पुढे येणारा. घरं म्हणजे खोकी होती, झाडं सगळी सारखी, पण रस्ता ओळखू येत होता. मार्गासनीची शेवटची घरं मागे पडली की उताराला एक डावं वळण आहे. तिथे एक काळी गाय झाडाआडून रस्त्यावर आली.

"म्हैस हाय ती," धनाजी म्हणाला. "गेममदी गायच हुती. पोरानं काळी केली."

गाडीने गचका खाल्ला, सगळं थिजलं, पुन्हा हललं. आकडा एकवीसवर आला होता.

"हितंच," तो म्हणाला. "हितंच बगायचंय मला."

मग त्याने सांगितलं, चहा होईपर्यंत, पडद्याकडे बघतच. बावीस वर्षं तो एका कंपनीची बस चालवत होता. गावोगावच्या बायाबापड्यांना शिरवळकडे कामाला न्यायचं, संध्याकाळी परत आणायचं. त्याच्या गाडीत उभ्या माणसाला कधी दांडी धरावी लागत नाही असं लोक म्हणायचे. बायका झोपत यायच्या. पहाटे निघताना तो गाडीपुढे उदबत्ती लावायचा, लिंबू-मिरची बदलायचा, मगच चावी. पाच वर्षांपूर्वी संध्याकाळी त्या वळणावर म्हैस आडवी आली. त्याने ब्रेक दाबला. वळणाच्या पुढच्या वाडीवर उतरायचं म्हणून रत्ना नावाची बाई आधीच पुढे येऊन दाराजवळ उभी होती. ती आतल्या, ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटवर आपटली, उजवा हात लोखंडी दांडीत अडकून मनगटात मोडला. हाड जुळलं, पण बोटं मिटत नाहीत. कंपनीत ती डबे भरायच्या कामावर होती. ते गेलं.

"सगळे म्हनले, म्हशीपुढं डायवर काय करनार. कंपनीचं सायेब म्हनले, चूक न्हाई. चौकशीत रत्नाबी तेच म्हनली. मला कुनी काडलं न्हाई, मीच सोडली."

"मग झालं की."

"कसं झालं?" त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "म्या बावीस वरसं ती गाडी चालवली. मला वाटतं, थांबली असती. हळू थांबली असती. थांबली असती तर चूक माजी हाय. मंग मला रत्नाकडं जायला पायजे. आन् न्हाई थांबत, तर म्हैस. येवढंच बगायचंय. पन ही गाडी नेमकी तितंच गचके खाती. कसं बगू?"

पाच वर्षांत तो रत्नाच्या घरी गेला नव्हता. नसरापूरच्या बाजाराला जायचं तर तिच्या वाडीवरून रस्ता, म्हणून बाजार सुलक्षणा करायची. हे तिनेच मला सांगितलं, चहाचा कप देताना, हळू आवाजात.

मला तेव्हा काय वाटलं असेल? दया नाही वाटली. मला वाटलं, या माणसाचं डोकं फिरलं आहे. आणि तो डबा माझ्यापासून दोन हातांवर आहे. मी म्हटलं, "मशीन जुनं आहे, धनाजीराव. याच्यात आता दम नाही. चाळीसने सुरू होतं आणि दहा मिनिटांत बसतं. टाकून द्या आणि दुसरं घ्या."

निघताना मी त्यांच्या बेसिनवर तीनदा हात धुतले.

चार दिवसांनी त्याचा फोन. "रघुवीरभाऊ, एक इचारू का?"

"विचारा."

"गाडी तापली की वडत न्हाई. ही दहा मिंटं चांगली चालती आन् मंग बसती. म्हंजी तापतीया. व्हय ना?"

मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"मंग तुमी बॉनेट का न्हाई उगडलं?"

मी बावीस वर्षं दुकान चालवतो. पोरांना सांगतो की दहा मिनिटांनी आकडा पडला तर आधी उष्णता बघा. झाकण उघडा, पंखा बघा, धूळ काढा. पहिला धडा आहे तो. आणि मी त्या घरी जाऊन एक तास बसलो आणि झाकणाला हात लावला नाही. का, तर शेजारी डबा होता. किळस आली म्हणून मी त्याला सांगून आलो की मशीनच जुनं आहे. माणूस लाजेने मरत नाही हे खरं, नाहीतर मी त्या दिवशी दुकानातच आडवा झालो असतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ब्रश, ब्लोअर, स्पिरिट, हातमोजे आणि दोन मास्क घेऊन गेलो. कॅबिनेट बाहेर ओसरीवर आणलं. ते उचलतानाच बाहेरून हाताला चिकट लागलं. मग कळलं, पुढच्या जाळीला उदबत्ती खोवलेली होती. जळून उरलेल्या काड्यांचा गठ्ठा होता तिथे. वर एक वाळलेलं लिंबू आणि दोन मिरच्या तारेने बांधलेल्या.

"हे काय?" मी विचारलं.

"रोज सकाळी. गाडीला लावायचो तशी."

"रोज?"

"चुकवत न्हाई."

म्हणजे एक वर्षभर रोज सकाळी हा भला माणूस हवा आत ओढणाऱ्या पंख्याच्या तोंडात उदबत्ती खोवत होता. मी स्क्रू काढले, झाकण सरकवलं.

काय सांगू. सगळं आतून काळं-पिवळं, तुपकट, काजळी धरलेलं. चुलीवरचा तवा असतो ना बायकांनी कधी न घासलेला, तसं. त्या चिकटावर भाताच्या मळणीची धूळ बसलेली, फोलपटं, केस. एका कोपऱ्यात पालीची दोन अंडी, फुटलेली. डाव्या अंगाला तंबाखूचे वाळलेले शिंतोडे, जाळीतून आत गेलेले, बोर्डावर तपकिरी ठिपके. ग्राफिक्सचं कार्ड काढलं तर त्याचा पंखा फिरतच नव्हता. बोटाने ढकलला तर चिकटून परत जागेवर. मला ओकारी आली. खरोखर, ओसरीच्या कडेला जाऊन आलो. सुलक्षणाबाई पाणी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तुमचं पोट लई नाजूक दिसतंय."

माझं पोट नाजूक! यांचं मशीन बघा आणि माझं पोट बघा.

मी तीन तास घासलं. ब्लोअर मारला तर काळा ढग उठला आणि धनाजीच्या पांढऱ्या टोपीवर बसला. त्याने ती झटकली आणि पुन्हा घातली. तो तिथेच उकिडवा बसून बघत होता, एकही प्रश्न न विचारता. मी पंख्याचा चिकटा स्पिरिटने काढला, आसाला एक थेंब तेल दिलं. प्रोसेसरवरची उष्णता ओढून घेणारी, पण वाळून खडखडीत झालेली पेस्ट खरवडून नवी लावली. कार्डाचीही बदलली. जाळी साबणाने धुऊन उन्हात ठेवली. कॅबिनेट बाहेरून पुसलं, दोनदा. मग लिंबू-मिरची आणि काड्या कागदात गुंडाळून म्हटलं, "यापुढे उदबत्ती देवापुढे लावायची. इथे लावली तर मी येणार नाही."

"न्हाई लावत," तो म्हणाला. एवढा मोठा माणूस, शाळेतल्या पोरासारखं.

जोडणी केली, सुरू केलं. पंख्याचा आवाज बारीक, एकसारखा. दहा मिनिटं झाली, वीस झाली. आकडा अठ्ठावन्न. एकोणसाठ. साठ. झाकण उघडण्याआधी मोजली तेव्हा उष्णता चौऱ्याण्णव डिग्रीला टेकली होती, ती आता अडुसष्टच्या वर जाईना. मला बरं वाटलं. घाणीतून काहीतरी स्वच्छ बाहेर काढल्याचा आनंद मला होतो, तेवढाच एक आनंद या धंद्यात आहे.

धनाजी बसला. पाठ ताठ केली, स्टिअरिंगवर हात ठेवले, आणि गाडी काढली. आता कळलं की लोक का झोपत यायचे. खेळण्यातली बस, पण गिअर टाकलेला समजत नव्हता. नसरापूर गेलं, मार्गासनीची खोकी आली, शेवटचं खोकं मागे पडलं. वळण. म्हैस. ब्रेक. गाडी जाग्यावर आदळली.

धनाजी माझ्याकडे बघायला लागला. मी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. साठ.

"मशीनची चूक नाही आता."

"परत मारतो."

परत मारली. परत वळण, म्हैस, करकचून ब्रेक, आदळणं. आकडा एकोणसाठ. तिसऱ्यांदाही तेच. त्याच्या कपाळावर घाम आला. तो म्हणाला, "मंग म्हैसच. न्हाई थांबत गाडी. न्हाई थांबत." आणि त्याचा चेहरा असा सैल पडला की मला वाटलं, चला, सुटला एकदाचा. सुलक्षणाबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर डोळ्याला लावला.

चौथ्यांदा तो नुसताच मारायला बसला, हातासरशी. आणि मी या वेळी पडद्याकडे बघत नव्हतो. मी माझ्या कॅबिनेटकडे बघत होतो, पुसून लख्ख केलेल्या. शेवटचं खोकं मागे पडलं आणि धनाजी उजवीकडे वळला, मान खाली घातली, आणि डब्यात पिंक टाकली. तिचे चार थेंब माझ्या कॅबिनेटवर उडाले.

माझं डोकं सटकलं. तीन तास! मी ओरडलोच, "अहो, दर खेपेला त्याच वळणावर थुंकायलाच हवं का तुम्हाला?"

पडद्यावर बस म्हशीपुढे आदळली.

धनाजीचे हात स्टिअरिंगवर तसेच राहिले. मी अजून कॅबिनेट पुसत होतो, बडबडत होतो, जाळीतून आत गेलं का बघत होतो.

"दर खेपेला?" त्याने विचारलं.

"चारही वेळा. डब्यात पडल्याचा आवाज येतो की. मी इथेच बसलोय. मला दुसरं काय दिसणार?"

तो डब्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मार्गासनी सपली की थुकायचो. घरं असत्यात ना तवर. बाया दारात बसल्याल्या असत्यात. त्यांच्या म्होरं कसं थुकायचं? म्हनून धरून ठिवायचो. शेवटचं घर गेलं की मंग खिडकीतनं..."

सुलक्षणाबाईंनी दाराची चौकट धरली.

मला तिथून निघून जायचं होतं. स्कूटरची चावी माझ्या हातात होती. पण धनाजीने डबा उचलला, बाहेर नेला, उकिरड्यावर ओतला, राखेने घासला, पालथा घातला. तिथेच त्याने तोंडातली तंबाखू काढून टाकली, चूळ भरली, आणि आत येऊन पुन्हा बसला. पाचवी खेप. या वेळी मी पडदा बघितला. शेवटचं घर गेलं. त्याची नजर रस्त्यावर होती. झाडाआड काळं काहीतरी हललं ते मला दिसायच्या आधी त्याला दिसलं. त्याने पाय अलगद उचलला, गिअर उतरवला, गाडी हळूहळू मंद झाली आणि म्हशीच्या चार हात अलीकडे येऊन उभी राहिली. धक्का नाही, आवाज नाही. आकडा साठ.

त्याने सहाव्यांदा मारली नाही. हाताने मशीन बंद केलं.

"रघुवीरभाऊ," तो म्हणाला, "वाडीपत्तूर सोडता का?"

संध्याकाळचे पाच-सव्वापाच झाले असतील. मी त्याला मागे बसवलं. मला हे प्रकरण नको होतं, पण नाही कसं म्हणणार. मीच ओरडलो होतो. वाटेत मागे चुन्याच्या डबीचा टक् असा आवाज आला, आणि तळहातावर चोळल्याचा. मी मनात म्हटलं, झालं, सवय मेल्याशिवाय जात नाही. आरशात बघितलं तर त्याचा गाल फुगलेला आणि डोळे कुठे तरी लांब. काय करतोय हे त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. घाबरलेला माणूस हाताला लागेल ते तोंडात घालतो.

वाडीच्या अलीकडे मी मुद्दाम गाडी हळू केली. मला वाटलं, आता थुंकेल. नाही थुंकला. वाडी आली.

रत्नाचं घर रस्त्याला लागूनच. अंगण नुकतंच सारवलेलं, ओलं, कडेला शेणात बोटांनी ओढलेल्या नक्षीच्या ओळी. डाव्या हाताच्या, हे जवळ गेल्यावर दिसलं. ती पायरीवर बसून तांदूळ निवडत होती. चाळिशीची असेल. धनाजीला बघून तिने सूप बाजूला ठेवलं आणि उभी राहिली. "मामा," एवढंच म्हणाली.

धनाजी अंगणाच्या कडेला उभा. चपला बाहेर. त्याला बोलायचं होतं आणि तोंड भरलेलं होतं. त्याने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. सगळीकडे सारवलेलं. मागे रस्ता होता, पण रस्त्याकडे तोंड करायचं म्हणजे तिच्याकडे पाठ. ती वाट बघत होती. मी स्कूटरवर बसल्या बसल्या बघत होतो आणि मला काय होणार ते आधीच कळलं.

त्याने गिळलं. सगळं, चुना-तंबाखूसकट. गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली, डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाला, "रत्ना, म्हशीचं काय न्हाई. म्या थुकत हुतो. खिडकीतनं. माजी नदर रस्त्यावर न्हवती."

तिचा उजवा हात लुगड्याच्या घडीत होता, बोटं अर्धवट वाकलेली.

"मला ठाव हाय," ती म्हणाली. "म्या म्होरंच हुबी हुते. तुमचं डोस्कं खिडकीभाईर हुतं."

"मंग चौकशीला तू म्हैस का म्हनलीस?"

"तुमी म्हैस म्हनला म्हनून. तुमच्या पोराची फी भरायची हुती तवा. मला वाटलं, आज ना उद्या मामा येतील, निदान मला तरी सांगत्याल." तिने डावा हात उचलून त्याच्या तोंडाकडे दाखवला. "पाच वरसं बगितली वाट."

आता कुणी म्हणेल, तेव्हा तुमची किळस गेली असेल. नाही गेली. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून तपकिरी ओघळ आला होता आणि मला तोच दिसत होता. फक्त त्याच वेळी मला हेही आठवत होतं की मी त्याचं मशीन न उघडता त्याला जुनं म्हणून आलो होतो. किळस कुणाची जास्त होती ते मला त्या वेळी सांगता आलं नसतं.

धनाजीचा घसा जळायला लागला असावा. तो खोकला, वाकला, उचकी आली. रत्ना आत गेली. डाव्या हातात तांब्या घेऊन आली, जरा सांडत.

"चूळ भरा," ती म्हणाली.

त्याने पाणी तोंडात घेतलं, खळखळवलं, आणि थांबला. गाल फुगलेले. पुन्हा अंगणाकडे बघितलं. ओलं, स्वच्छ, तिच्या एका हाताने सारवलेलं.

"टाका की हितंच."

त्याने मान हलवली. नाही.

"मंग कुठं टाकनार?" रत्ना म्हणाली. "त्या वळनावर?"

धनाजीने ते पाणीही गिळलं आणि तांब्या दोन्ही हातांनी तिला परत दिला.